मागून मारलेली हाक

जंगलात त्याचं नाव घेत नाहीत. आमच्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही. मोहफुलं वेचायला जा, सरपणाला जा, की गुरं घेऊन जा, 'जनावर' म्हणायचं, 'मोठा' म्हणायचं, नाहीतर नुसतं 'तो' म्हणायचं. नाव घेतलं की त्याला ऐकू जातं आणि ऐकू गेलं की तो येतो, अशी समजूत. आता मला सांगा, एखाद्या पोरीला लहानपणापासून म्हटलं की हा शब्द मनात आणू नको, तर तो शब्द जाईल कुठं? बाकीच्यांचा कुठंतरी जातो, हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं सगळ्यांच्याच डोक्यात तो असाच फिरतो आणि सगळे माझ्यासारखेच तोंड दाबून बसतात.

वाघ. घ्या, लिहिला. हा शब्द लिहायला मला किती वर्षं लागली ते पुढे येईलच.

माझं माहेर मूल गावाकडचं, धानाच्या बांध्यांचं, म्हणजे भातखाचरांचं. सासर जंगलाला लागून, मोहर्लीच्या बाजूचं. आमच्या गावात पाहुणे थांबत नाहीत, त्यांच्या सफारीच्या जिप्सी धुरळा उडवत पुढे जातात. लांबून लांबून लोक त्यालाच बघायला येतात आणि दिवसभर मोठ्यांदा त्याचं नाव घेतात, इंग्रजीत. त्यांचं काही होत नाही. हे मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल! डोकं म्हणायचं, त्यांची गोष्ट वेगळी, ते गाडीत असतात. तुझा नवरा पायी असतो.

नवरा वनमजूर. वणवा अडवायला आखलेली जाळरेषा साफ करायची, पाणवठ्यात पाणी आहे का बघायचं, साहेबांबरोबर गस्त घालायची. ऊन वर आलं की काठी सायकलीला बांधून निघायचा. मी गावातल्या अंगणवाडीत सेविका. मुलगी झाली त्या वर्षी एका सकाळी मी तिला मांडीवर घेऊन बसले होते, नवऱ्यानं उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं: वाघ खाईल याला. मी ते म्हणत नव्हते. कोणीतरी माझ्या आवाजात म्हणत होतं. मी ओरडले, "अजी, थांबा!"

जाणाऱ्या माणसाला मागून हाक मारणं म्हणजे केवढा अपशकुन! मारलीच, तर त्यावर उतारा आहे. त्यानं परत यायचं, घटकाभर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं. पाणी प्यालं की आधीचं निघणं पुसलं जातं. माझ्या डोक्याला हे आयतंच सापडलं बघा. वाईट शब्द मनात असताना तो निघाला ना, मग येऊ दे परत, टेकू दे, पिऊ दे पाणी. तेवढ्यात मी मन साफ करते आणि चांगलं मन ठेवून त्याला पाठवते. त्या दिवशी ते जमलं. दुसऱ्या दिवशी एका घोटानं भागलं नाही. मन साफ झालं की नाही हे बघायला गेलं की तो शब्द तिथंच बसलेला असायचा, कारण बघायचं म्हणजे त्यालाच शोधायचं.

नवरा भला माणूस. चिडला नाही, हसून परत यायचा, टेकायचा, पाणी प्यायचा, निघायचा. पुन्हा हाक. पुन्हा पाणी. सासूबाईंना आधी कौतुकच होतं. "माह्या लेकावर भल्ला जीव आहे तिचा," असं सगळ्या आळीला सांगायच्या. समोरच्या घरातली बाई तर रोज तमाशा बघायला दारात उभी. ती माझ्याहून थोडी मोठी, जिभेची तिखट, मनाची मोकळी. तिचा नवरा गावची गुरं चारायला न्यायचा, तोही जंगलातच. ती हसून ओरडायची, "काऊन भाऊ, पाण्यानंच पोट भरून राह्यले? घरी काही शिजत नाई का?" नवरा म्हणायचा, "काय करू वहिनी, बायकोचा जीव अडकला आहे." सगळे हसायचे. मीही हसायचे. पोटात आग लागलेली असायची आणि मी दात काढायचे.

मग ते वाढलं. पाणी पिऊन ग्लास खाली ठेवताना शब्द आला, तर तो घोट बाद. उंबरा ओलांडताना त्याचा डावा पाय पडला तर बाद, मला नीट बघता आलं नाही तरी बाद. अंगणवाडीत जंगली प्राण्यांचा तक्ता होता, त्यातल्या एका चित्रावर मी पांढरा कागद चिकटवला. पोरं हुशार असतात हो. एक पोट्टी म्हणाली, "बाई, तो कागदात लपून राह्यला का?" तपासणीला आलेल्या मॅडमनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, चित्र फाटलं होतं. नवऱ्याला रोज उशीर. साहेबांनी दोनदा ऐकवलं, आणि मग म्हणाले की आता उशीर झाला तर येऊच नको, दुसरा माणूस घेतो. म्हणजे माझ्या भीतीनं त्याचं काम जायची वेळ आली होती. आमचं घर त्या कामावर चालायचं. आणि एवढं कळूनही मी दुसऱ्या सकाळी हाक मारलीच. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला नाही. पाणी प्यायला, ग्लास माझ्याकडे न बघता ठेवला आणि म्हणाला, "तू मले जाऊ देणार आहेस का नाई, एकदा सांगून टाक."

सासूबाईंचं कौतुकही तोवर आटलं होतं. त्यांनी मला एका पुजाऱ्याकडे नेलं. त्यानं दंडाला दोरा बांधला. बांधताना माझ्या मनात तो शब्द होता की नव्हता, याच विचारात मी पुढचे दिवस काढले. झालं, एकाचे दोन झाले.

आरोग्य केंद्रात आम्हा सेविकांची एक बैठक होती. मनाच्या आजारावर बोलायला एक सिस्टर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, काही लोकांना नको असलेला विचार येतो, तो घालवायला ते तेच तेच करत राहतात, आणि त्यांना स्वतःला कळत असतं की हे खुळं आहे. माझ्या शेजारच्या सेविका पदरात हसत होत्या. मी बाहेर जाऊन हातपंपावर तोंड धुतलं. एवढी वर्षं मला वाटत होतं मी एक तर वाईट बाई आहे, नाहीतर करणी झालेली. हा आजार असतो हे ऐकूनच सुटल्यासारखं वाटलं.

चंद्रपूरला डॉक्टरबाईंकडे गेलो, मी आणि नवरा. त्या विचारत होत्या, विचार कसला येतो. मी गप्प. नवऱ्याकडे बघायची, खाली बघायची. शेवटी नवऱ्यानं हळूच सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वाघ?" अशा म्हणाल्या जसं कोणी मीठ मागावं. मी खुर्ची घट्ट धरली. पंखा फिरत होता, बाहेर कोणाचं तरी मूल रडत होतं. काही झालं नाही. मला त्यांचा राग आला.

त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला असं काही? मी नाही म्हटलं. आणि म्हणता म्हणता माझा बाप डोळ्यांपुढे आला. बांधीचं पाणी सोडायचं तोंड असतं ना, ते मातीनं बंद केलं की बाप घरी यायचा, पाय धुवायचा, आणि परत जायचा. तोंड बंद आहे का बघायला. पुन्हा यायचा, पुन्हा जायचा. जेवता जेवता उठून जायचा. गावात म्हणायचे, माणूस काय जपतो शेतीला! आई पण तेच म्हणायची. बापाला कोणी विचारलं नाही की तुला काय होतं रे. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. मी डॉक्टरबाईंसमोर त्याच्यासाठी रडले, तोवर स्वतःसाठी रडले नव्हते.

मी विचारलं, "हे नेमकं काऊन होते?" डॉक्टरबाई म्हणाल्या, नेमकं अजून कोणालाच सांगता येत नाही, जगभर शोध चालू आहे. मी मनात म्हटलं, मग एवढं शिकल्या कायले? पण त्यांनी खोटं सांगितलं नाही हे बरं वाटलं. जे कळलंय ते त्यांनी सांगितलं. घराण्यातून काही उतरतं, पण एकाच कुठल्या दोषानं होतं असं सापडलेलं नाही. काही बायकांना बाळंतपणाच्या आगेमागे सुरू होतं किंवा वाढतं. काही लहान मुलांना घशाच्या एका संसर्गानंतर अचानक सुरू झालेलं दिसलंय, त्यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. मेंदूचे फोटो काढून बघतात तेव्हा कपाळामागचा भाग आणि खोल आतला भाग यांच्यात निरोपांचा जो फेरा चालतो, तो या आजारात जास्तच चालू दिसतो. 'काहीतरी चुकलंय' हा निरोप येतो आणि 'झालं, आता ठीक आहे' हा निरोप पटतच नाही. नवऱ्याला ते लगेच समजलं. म्हणाला, "म्हंजे मोटरीचा स्टार्टर चिकटला. बटन दाबलं तरी बंद नाई होत." डॉक्टरबाई हसल्या, म्हणाल्या, साधारण तसंच.

गोळ्या दिल्या. म्हणाल्या, या उदासीच्या आजारावरच्याच गोळ्या आहेत, पण यात बहुतेकदा जास्त मात्रा लागते आणि गुण यायला आठवडेच्या आठवडे जातात, घाई करू नका. पहिले दिवस मळमळ, तोंडाला कोरड. सासूबाईंना वाटलं मला दिवस गेले. डॉक्टरबाईंनी तेव्हा हेही सांगितलं होतं, ज्यांना गोळ्यांनी आणि बोलण्यानं फरक पडत नाही, त्यांच्यासाठी मोठ्या शहरांत डोक्याबाहेरून चुंबकाचे ठोके देतात, आणि अगदीच हाताबाहेर गेलेल्यांच्या मेंदूत बारीक तार बसवून बघतात. हे ऐकून नवरा म्हणाला, "नको बाई, गोळ्याच खाय."

पण खरं औषध त्यांनी वेगळंच सांगितलं. हाक मारायची नाही. पाणी पाजायचं नाही. शब्द येईल तेव्हा त्याला येऊ द्यायचं, वर स्वतःच्या तोंडानं तो म्हणायचा, आणि जी भीती उसळेल तिच्यात बसून राहायचं. आणि घरच्यांनी 'काही होणार नाही' असं म्हणायचं नाही. एकदाही नाही. कारण प्रत्येक धीर म्हणजे आजाराला घातलेला घास, हे संशोधनात वारंवार दिसलंय म्हणे. नवऱ्याचं तोंड उतरलं. एवढी वर्षं तो पाणी पीत होता ते माझ्या मायेपोटी, आणि तेच विष ठरलं होतं.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बाई, कोणाले हात धुवायचा रोग असन, त्याले सांगा मातीत हात घाल. इथी तो खरंच येते. खरंच माणूस नेते. तुमी माह्या नवऱ्याचा जीव टांगून मले शिकवून राह्यल्या का?"

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. तो येतो. गावातली बाकीची माणसं जेवढी काळजी घेतात तेवढी सगळी घ्या. काठी न्या, एकटं जाऊ नका, ऊन आल्यावर निघा. त्याच्यापलीकडे पाण्याचा एक घोटसुद्धा नको." आणि म्हणाल्या, पूर्वी समजत होते की अशा भीतीत बसून राहिलं की ती हळूहळू विरते. आता बरेच अभ्यासक म्हणतात की ती पुसली जात नाही, तिच्या शेजारी दुसरी शिकवण बसते. दोघी राहतात. त्या दुसरीला जागा करून द्यायची.

हे मला अजून आठवतं, कारण मला वाटलं होतं मी त्याला घालवायला आले आहे.

त्यांनी माझ्याच आवाजात मोबाईलवर बोलणं भरून घेतलं. "माझा नवरा जंगलात गेला आहे. त्याला वाघ खाईल किंवा खाणार नाही. मला आत्ता कळणार नाही." हे रोज ऐकायचं, पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत. चुलीपाशी बसून मी कानात तार घालून ते ऐकायची. डोळ्यांतून पाणी, हातात फोडणीचा चमचा. सासूबाई एकदा जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कोणतं भजन आहे व? मले पण एक कान दे." मी दिला. त्यांनी ऐकलं, तार काढली, आणि भाजी निसायला घेतली. भजन पुन्हा कधी मागितलं नाही. आणि नवऱ्याला एक वाक्य शिकवलं होतं. मी विचारलं, "परत येसान ना जी?" तर त्यानं म्हणायचं, "हे तू नाई विचारून राह्यली, आजार विचारून राह्यला." बिचारा म्हणायचा आणि स्वतःच दुसरीकडे बघायचा.

महिने गेले. हाका कमी झाल्या. एका घोटावर आल्या. मग एक दिवस नुसती उंबऱ्यापर्यंत आले आणि तोंडावर हात धरला. तक्त्यावरचा कागद मी स्वतः काढला. पोरांनी चित्र बघून एवढा गलका केला की मला हसू आलं, खरंखुरं. नवरा वेळेवर कामाला जाऊ लागला. साहेब काही बोललेच नाहीत, म्हणजे ठीकच.

गेल्या हिवाळ्यात, धान कापून शेतात रचलेल्या पेंढ्यांचे पुंजणे लागले होते तेव्हाची गोष्ट. त्या सकाळी तो निघाला, मी दारात उभी राहिले आणि मोठ्यांदा म्हटलं, "वाघ." त्याच्या पाठीकडे बघत म्हटलं. आवाज फुटत होता, पण म्हटलं. त्यानं वळून पाहिलं नाही, सायकलीची घंटी वाजवली. समोरची बाई तिच्या कुंपणाशी उभी होती, तिला ऐकू गेलं असेल-नसेल. मी आत आले. भीती आली, बसली. मी अंगणवाडीत गेले. दुपारच्या खाऊपर्यंत ती तशीच बसून होती आणि मी पोरांना गाणं शिकवत होते. मला स्वतःचा अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, फार वाटला.

तेवढ्यात गावात आरडाओरडा झाला. माणसं काठ्या घेऊन जंगलाकडे पळत होती. कोणीतरी अंगणवाडीच्या दारातून ओरडलं, "बाई, पोराईले आत ठेवा! माणूस नेला त्यानं!"

कोणाला? पळणाऱ्याला माहीत नव्हतं. मी दार लावून घेतलं. पोरं आत, मी आत. नवऱ्याचा फोन लागत नव्हता, जंगलात तो कधीच लागत नाही. एकेक आई येऊन आपलं मूल नेत होती, आणि प्रत्येकीला मी विचारत होते आणि जी ती 'माहीत नाही' म्हणून मान हलवत होती. मी सकाळी काय म्हटलं होतं ते मला माहीत होतं. माझ्या तोंडानं म्हटलं होतं, त्याच्या पाठीकडे बघून. एका लहान पोरीला मी मांडीवर घेतलं होतं, ती म्हणाली, "बाई, तुमी मले लई दाबून राह्यल्या." मी तिला सोडलं.

शेवटचं मूल गेल्यावर सासूबाई आल्या. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. म्हणाल्या, "समोरचा गेला. गुरांमागं होता."

मला बरं वाटलं. हे लिहायला हात जड होतो, पण तसंच झालं. आधी बरं वाटलं, अंगातून वारं निघून गेल्यासारखं. मग सकाळी कुंपणाशी उभी असलेली ती आठवली.

नवरा संध्याकाळी आला. त्यानंच इतरांबरोबर समोरच्याला उचलून आणलं होतं. त्याच्या शर्टाकडे मी बघितलं नाही. गावात वनखात्याच्या गाड्या आल्या, लोक चिडले, बोलाचाली झाली, सगळं जसं दर वेळी होतं तसं झालं. माझ्या डोक्यात एकच चालू होतं. मी बोलावलं त्याला. मी नाव घेतलं, त्यानं ऐकलं, तो निघाला, आणि घर चुकला. नवरा चार दिवस नीट जेवला नव्हता. एका सकाळी मी त्याला विचारलंच, "माह्यामुळं तं नाई ना झालं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. मला दिसत होतं की त्याला 'नाही' म्हणायचं आहे. मग तो म्हणाला, "हे तू नाई विचारून राह्यली." आणि अर्ध्यावरच उठून गेला. त्या क्षणी मी त्याचा आणि डॉक्टरबाईंचा जेवढा द्वेष केला तेवढा कशाचाच केला नाही. पण त्याचं चुकलं नव्हतं. त्यानं 'नाही' म्हटलं असतं तर मी दुपारी परत विचारलं असतं.

चंद्रपूरला गेले. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं. त्यांचे डोळे भरले होते. तरी 'तुमच्यामुळे नाही' असं त्याही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "ही शंका तुमच्यासोबत येईल. तिला घेऊन घरी जा, स्वयंपाक करा. आणि उद्या त्यांना कामाला जाऊ द्या." मी परतीच्या एसटीत बसले तेव्हा बाहेर उभं जंगल होतं आणि मी सारा रस्ता त्याचं नाव मनात म्हणत आले, कारण थांबवता येत नव्हतं.

तेरवी झाली. मग समोरची बाई आमच्या दारापुढच्या छपरीत येऊन बसू लागली. बोलायची नाही. तिची ती तिखट जीभ कुठं गेली कोण जाणे. मी चहा द्यायची, ती कप हातात धरून थंड करायची. एक दिवस आपोआप बोलली.

"त्या दिवशी त्याची तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी घरीच राह्यली," म्हणाली. "मी मागून हाक मारली. तो कुंपणापाशी आला, मी कुंपणावरूनच देल्ली. तो गेला." मग थोड्या वेळानं, "पाणी नाई पाजलं मी त्याले. टेकला नाई तो. तू रोज पाजत होती. मी हासत होती तुले."

तिनं थंड झालेला कप खाली ठेवला.

"माह्यामुळं गेला का व तो?"

मला दुसऱ्यानं जे म्हणायला नको होतं, ते मी तिला लगेच म्हटलं. "नाई बाई. तुह्यामुळं नाई." तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं. ती रोज विचारते आणि मी रोज सांगते. तिला माझा आजार नाही, तिचं माणूस गेलं आहे. हे दोन वेगळे आहेत असं मी स्वतःला सांगते, पण खात्री नाही.

परवा सकाळी नवरा निघाला तेव्हा ती छपरीतच होती. मी दारात. शब्द आलाच, येतोच. मी तोंड मिटून उभी राहिले. तिनं माझं मनगट धरलं. "हाक मार त्याले," म्हणाली. मी नाही म्हणून मान हलवली. "मार ना व. तुले काय जाते? पाणी पाज. घोटभर पाज." तिची नखं रुतत होती. मी हाक मारत नाही बघून तीच ओरडली, "भाऊ! थांबा भाऊ!"

नवरा थांबला. वळला. त्याला शिकवलेलं वाक्य माझ्यासाठी होतं. तिला काय म्हणणार? त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि सायकल टेकवली. आला, तिच्याजवळ टेकला. तिनं स्वतः उठून माठातून पाणी आणलं, अर्धं त्याच्या पँटवर सांडलं. तो सगळं प्यायला.

माझ्या आत काय झालं ते सांगते. इतक्या महिन्यांनी माझ्या आजाराला घोट मिळाला, आणि तो किती गोड लागला! मन म्हणालं, आता ठीक आहे, आता तो येईल. डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं की चुकून असा घोट मिळालाच, तर तो नासवायचा. नवरा छपरीबाहेर पडत असताना मी मुद्दाम मनात म्हटलं: वाघ. वाघ खाईल याला. शब्दन् शब्द नीट म्हटला. मग आत जाऊन भांडी घासायला बसले आणि रडले.

ती दिवसभर आमच्याकडे होती. मी अंगणवाडीतून आले तरी तिथंच. त्या दिवशी ती पहिल्यांदा जेवली, सासूबाईंनी वाढलं ते सगळं. ऊन उतरलं तशी सायकलीची घंटी वाजली. तो आला. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"पाह्यलं?" म्हणाली. "पाणी पेला म्हून आला."

तिचा चेहरा बघून मला कळलं की तिनं आता स्वतःला कायमची शिक्षा लावून घेतली. मला राहवलं नाही. मी तिचे दोन्ही हात धरले आणि जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "नाई बाई. तो निघाला तवा मी मनात त्याचं नाव घेतलं होतं. वाघाचं. खाईल म्हणलं होतं, मुद्दाम म्हणलं होतं. पाण्यानं काई नाई झालं आणि नावानं बी काई नाई झालं. तरी आला तो."

तिनं हात काढून घेतले नाहीत. माझ्याकडे बघत राहिली.

"मंग माहा काऊन नाई आला?"

आत नवरा हातपाय धूत होता.